खाली बांधलेली दोरी

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात सुनेचा दिवस चादरींत उगवायचा आणि चादरींतच मावळायचा. आठ तास उभं राहून पोटऱ्यांचे नुसते दगड व्हायचे. घरी आल्यावर ओल्या कपड्याचं तोंडसुद्धा बघू नये असं तिला वाटे. म्हणूनच तर नवऱ्याने कपडे वाळवायचा ड्रायर आणला तेव्हा तिला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं होतं.

पण विजेचं बिल पाहून सासूचे डोळे पांढरे झाले. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी; बाकीचे दिवस घरात शब्द सासूचाच.

"ऊन फुकट आहे ना? मग त्या डब्याला कशाला वीज चारायची? उद्यापासून कपडे दोरीवर. मी घालते वाळत, तू नको काळजी करू."

सुनेने ड्रायरची पिन काढून ठेवली. वाळत घालणारी दुसरी आहे, तर आपलं काय जातंय?

महिनाभर बरं चाललं. मग कपड्यांना माती लागायला लागली. चादरीची एक बाजू पांढरी, दुसरी मळकी. सदऱ्यांच्या बाह्या तर झाडू मारून आल्यासारख्या. ते पुन्हा धुवायचे कुणी? सुनेने. पाणी जास्त, साबण जास्त, आणि वाचवलेली वीज गेली ती गेलीच.

एका संध्याकाळी तिचा तोल सुटला. "आई, जमिनीवरच वाळवता का हो कपडे? माझे हात काय भाड्याने आणलेत?"

"वारा असतो मागे," सासू म्हणाली आणि भांडी आवरायला आत गेली.

वारा! पण तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मळकी चादर बादलीत टाकून ती पलंगावर आडवी झाली, ती न जेवताच झोपली.

गुरुवारी हॉस्पिटलचा बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. मागच्या दाराशी येताच तिचं पाऊल थबकलं. दोरी खाली उतरवून कमरेएवढ्या उंचीवर बांधली होती. चादर दोरीवरून पलीकडे टाकायला सासू डाव्या हाताने उजवा हात कोपरातून धरून वर ढकलत होती. हात खांद्यापर्यंत आला, थरथरला आणि धप्पकन खाली पडला. मग तिने चादरीचं टोक दातांत धरलं आणि एका हाताने बाकीची चादर दोरीवर लोटली. अर्धी चादर मातीत लोळली.

सुनेने धावत जाऊन चादर उचलली.

"किती दिवस झाले हात असा?"

सासूने तोंड फिरवलं. "झाले असतील दोनेक महिने. आधी नुसता दुखायचा, आता वरच जात नाही."

"म्हणजे ड्रायर बंद केला तेव्हापासून? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीच मारे छाती ठोकून सांगितलं, मी घालते म्हणून. आणि खरं सांगू? त्या डब्याने माझं कामच काढून घेतलं होतं. दिवसभर बसून खायचं आणि तुला पाय ओढत येताना बघायचं. लाज वाटायची गं."

 सुनेच्या मनात राग होता, पण तो धरून ठेवायलाही बळ लागतं. ती पालथ्या बादलीवर बसली. पलीकडे पायरीवर सासू बसली. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिने सासूला डॉक्टरांकडे नेलं. खांदा आखडलाय, डॉक्टर म्हणाले. रोज व्यायाम करा, सहा महिने तरी लागतील.

वाटेत सासू म्हणाली, "लाव तो ड्रायर. खड्ड्यात गेली वीज."

"चादरी टाकीन त्यात. बाकीचे कपडे दोरीवर. मी सकाळी जाताना घालीन, तुम्ही फक्त काढायचे. आणि मोजे, रुमाल तेवढे तुम्ही वाळत घालायचे."

"रुमाल म्हणजे काय काम आहे?"

"दोरी थोडी वर बांधते. हात वर न्यायचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

 मग बसथांब्यावर बाकड्याला टेकून दोघींनी डोळे मिटले, आणि त्या नादात पहिली बस निघून गेली.