दुसरा सूचक

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक इतक्या वेळा लढतीशिवाय निवडून आलेत की सगळे त्यांना बिनविरोधकाकाच म्हणतात. त्यांची युक्ती सोपी होती. उमेदवाराच्या अर्जावर वॉर्डातल्या दहा सूचकांच्या सह्या लागायच्या आणि एका माणसाला एकाच उमेदवारासाठी सही करता यायची. काका अर्जांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरायचे आणि घरटी सगळ्यांच्या सह्या आधीच गोळा करायचे. दुसऱ्या कुणाला सही द्यायला माणूसच उरायचा नाही.

यंदा नियम बदलला. सूचक दोनच, पण त्यांनी कचेरीत येऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची.

"दोनच ना? मग मी उभी राहते," आत्या म्हणाली. ती कपडे शिवते, अर्ध्या वॉर्डाची मापं तिला तोंडपाठ आहेत. शेजारच्या नर्सबाई लगेच तयार झाल्या. बाकी ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, "आधी सख्ख्या भावाला विचार."

सख्खा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते म्हणाले, "मी काकांना शब्द दिलाय."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आत्या आणि नर्सबाई कचेरीत जाऊन बसल्या. मी शाळेतून थेट बाबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दारात काका स्कूटर चालू ठेवून उभेच होते आणि बाबा हात पुसत होते.

"बाबा, काकांना सूचक पैशाला पासरी मिळतील," मी काकांच्या तोंडावरच म्हटलं. "आत्याला तुम्हीच आहात."

"पोरगी फार बोलायला लागली," काका म्हणाले.

"हल्लीच," बाबा म्हणाले आणि स्कूटरवर मागे बसले.

मी सायकल हाणत त्यांच्या मागे. धापा टाकत कचेरीत शिरले, तर आत्या बसली होती तिथेच बाबा अधिकाऱ्याच्या टेबलापाशी उभं राहून पेन मागत होते.

"अहो, शब्द दिला होतात," काका म्हणाले.

"दिला होता. मोडला." बाबांनी सही केली. "काका, माझं एवढं वय झालं, पण या वॉर्डात मत द्यायची वेळच आली नाही माझ्यावर. यंदा येऊ द्या."

आत्याचा चेहरा फुलला. "म्हणजे दादा, मत मलाच ना?"

"तू मागितलंस कुठे अजून? दोघंही दुकानावर या, काय करणार ते सांगा. मग बघू."

परतताना बाबा माझ्या कॅरिअरवर बसले. काका दुसऱ्याच कुणाची सही मिळवून, अर्ज भरून स्कूटर घेऊन केव्हाच निघून गेले होते, बहुधा मतं मागायला.