सापसुरळीचं बारसं

आमच्या हळदीच्या रानाला दगडी बांध आहे. त्यात एक सापसुरळी राहायची. तांब्याच्या रंगाची, शेपटीकडे निळसर. गाव तिला सापाची मावशी म्हणतं आणि दिसली की दगड घालतं. मी कुणाला घालू दिला नाही. मी बांधावर भाकर खायला बसले की ती ऊन खायला बाहेर यायची.

माझी नात प्रतिक्षा नांदेडला प्राणिशास्त्र शिकते. दिवाळीत तिने सापसुरळीचे फोटो काढून नेले आणि परवा तिच्या सरांनाच आमच्या गावी, कुरुंद्याला घेऊन आली. सर म्हणाले, ही सापाची कुणीच नाही, पालीच्या गोतातली आहे. खवल्यांच्या ओळी बघता ही जात अजून कुणी नोंदलेलीच दिसत नाही. तिला नाव द्यायचं, आणि त्या नावात आमचं गाव येणार.

मी म्हटलं, मग हे बारसंच झालं. माझे दीर सुदाम हसून विचारू लागले, वहिनी, पाळणा केवढा बांधू? तरी मी घुगऱ्यांना हरभरे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठल्या दगडाखालून निघते ते मीच दाखवलं. प्रतिक्षाने अलगद कापडी पिशवीत घेतली.

दुपारी घुगऱ्या घेऊन ओसरीवर गेले. सापसुरळी पांढऱ्या ताटलीत पडली होती. सर चिमट्याने तिची बोटं सरळ करत होते. शेजारी औषधाची बरणी.

पातेलं खाली कधी ठेवलं, मला कळलं नाही.

"हे काय केलंस, पोरी?"

"आजी, नव्या जातीला नाव द्यायचं तर एक जपून ठेवावी लागते. उद्या कुणी 'ही जात कोणती' म्हणलं तर दाखवायला."

"जिचं बारसं, तिलाच मारायचं?"

सरांनी समजावलं, नाव मिळालं तर बाकीच्या वाचतील. खरंही असेल. पण म्हातारपणी मी अक्षरं शिकले, तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून दिवसभर त्याच्याकडे बघत बसले होते. नाव मिळणं म्हणजे मला तेवढंच ठाऊक होतं.

"हा नर निघाला," प्रतिक्षा हळूच म्हणाली. "आता एक मादी लागतीय. बांधात दुसरी हाय ना, आजी?"

होती. जरा बारीक.

"न्हाई," मी म्हटलं, आणि रानात जाऊन त्याच दगडाला पाठ लावून बसले.

थोड्या वेळाने प्रतिक्षा पिशवी घेऊन आली. मी उठले नाही. ती शेजारी टेकली. माझ्या पाठीमागे दगडांत काहीतरी सरसरलं. ते दोघींनी ऐकलं. तिने पिशवीची घडी घातली.