त्वचा निरोगी

"ही सही तुझीच ना, वर्षाली?"

भावनाने कागद माझ्या नाकासमोर धरला. पेशंट घरी आल्यावर पहिल्या दिवशी भरायचा कागद. माझ्याच अक्षरात लिहिलेलं : त्वचा निरोगी, कुठेही जखम नाही.

"माझीच. आणि असं लिहायला सांगितलेलं कोणी?"

"ते आता कशाला काढतेस?"

आता नाही तर कधी काढू? मनुबाईंचं अंग पुसून नुकतं झालं होतं. माझे हात ओले, अंगात आमच्या नर्सिंग ब्यूरोचा निळा एप्रन, आणि दारात माझ्या जागी आलेली आवडाबाई पिशवीसुद्धा खाली न ठेवता उभी.

दोन महिन्यांपूर्वी मनुबाईंना हॉस्पिटलातून घरी आणलं. उजवं अंग लुळं, बोलणं तुटक. कूस बदलली तर माकडहाडावर लिंबाएवढी जखम. तिकडे कोणी वळवलंच नव्हतं त्यांना. सून कल्पिताने स्वतः मोबाईलचा टॉर्च धरला होता. मी लिहायला पेन उघडलं आणि भावनाला फोन लावला. म्हणाली, "ताई, जखम लिहू नको गं. हॉस्पिटलवाले चिडतील. पेशंट तेच पाठवतात आपल्याला. तू भरून काढशील, मला माहितीये ना."

ताई म्हणाली, म्हणून फसले. ही भावना सहा वर्षांपूर्वी ब्यूरोत आली तेव्हा तिला डायपर बदलता येत नव्हता. कळव्याच्या एका आजोबांनी तिची वेणी मुठीत धरली, तर ही रडायलाच लागली. मी दाखवलं तिला. ओढायचं नाही. जितकं ओढशील तितकी मूठ आवळते. करंगळीपासून एकेक बोट उचलायचं, त्यांच्याशी बोलत बोलत. आता ती ऑफिसात एसीत बसते. बसू दे. पलंगाशी कोणीतरी लागतंच.

जखम मी भरून काढत आणली. दर दोन तासांनी कूस, टाचांखाली उशी, चादरीला एक सुरकुती नाही. लिंबाची सुपारी झाली, सुपारीचा चिंचोका. आणखी पंधरा दिवसांत गेली असती.

पण रविवारी कल्पिताची नणंद हेमांगी आली, तिने तो चिंचोका पाहिला, फोटो काढला आणि नेटवर ब्यूरोच्या नावावर पाचातला एक स्टार टाकून मोकळी झाली. खाली लिहिलं, यांच्या बाईने माझ्या आईची पाठ सडवली.

"आपण चारच्या खाली गेलो," भावना म्हणाली. "चारच्या खाली हॉस्पिटल केस देत नाही. जबाबदार बाईला काढलं असं लेखी दिलं, तर हेमांगीताई तक्रार मागे घेतायत. वीस बायकांची ड्युटी आहे गं यावर."

"म्हणजे जबाबदार मी?"

"कागद तर तेच म्हणतो."

मी कल्पिताकडे वळले. "वहिनी, टॉर्च तुम्ही धरलेला. सांगा की यांना."

कल्पिता एअर बेडच्या मशीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हा नीट दिसलं नव्हतं गं. आणि नणंदेला काय सांगू? दोन महिने माहीत असून गप्प बसले?"

झालं. सुनेची अब्रू राहिली, ब्यूरोचा स्टार राहिला. हॉस्पिटलला तर कोणी विचारलंसुद्धा नाही.

भावनाने दुसरा कागद काढला. "इथे सही कर. 'माझ्याकडून दुर्लक्ष झालं' एवढंच आहे. सहा महिन्यांनी घेते तुला परत, शपथ."

"तुझ्या शब्दावर एकदा सही केली. ती बस झाली."

"मग कायमची बंद होशील, ताई. बाकीच्या ब्यूरोंतपण नाव जाईल."

"जाऊ दे. आणि ताई म्हणू नकोस."

दोन वाजले होते. कूस बदलायची वेळ. आवडाबाईला म्हटलं, "या इकडे, बघून घ्या. टाच टेकू द्यायची नाही. खेचायचं नाही, उचलायचं. डाव्या कानाने ऐकू येतं, त्या बाजूने बोला." मनुबाईंना वळवलं. त्यांनी चांगल्या हाताने माझा एप्रन पकडला. गच्च.

"बाय... जाव नको."

"नाही हं आजी, इथेच आहे," मी म्हटलं. आयुष्यात एक खोटं लिहिलं, हे दुसरं बोलले.

"एप्रन जमा करून जा," भावना मागून म्हणाली. "ब्यूरोचा आहे."

मी मानेमागची गाठ सोडली, कमरेची सोडली आणि एप्रनमधून बाहेर आले. तो तसाच मनुबाईंच्या मुठीत लोंबत राहिला.

"अगं, सोडवून दे ना."

"तू सोडव. शिकवलंय तुला."

मी चपला घातल्या. उंबऱ्यावरून एकदाच मागे पाहिलं. भावनाने एप्रनचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ओढत होती.