मास्क लावून बसवलेला प्लग

“हात नका लावू साहेब, इंजिनाचं हेड अजून तापलंय,” हाशम मेकॅनिक म्हणाला.

उदयने हात मागे घेतला. जेद्दाला निघालेली त्याची गाडी दम्मामच्या वेशीवरच बंद पडली होती आणि टेम्पोला बांधून गॅरेजवर परत आणली होती. तिसरा स्पार्क प्लग आटे ओरबाडून बाहेर आला होता. लढाई सुरू होऊन दहा दिवस झाले होते, इथला विमानतळ बंद होता. घरी जायचं तर आधी जेद्दा गाठायला हवं.

“परवा यांनीच तो प्लग आवळून पाहिला,” अनुराधा म्हणाली. “नको तिथे हात घालायची सवयच आहे!”

“पप्पा, आर वी गोइंग नाऊ?” मागच्या सीटवरून नूपुरने विचारलं.

उदय मान खाली घालून उभा राहिला. मग हाशमला म्हणाला, “हाशमभाई, तुम्हीही चला. भरल्या गाड्याला सूप जड नसतं.” आणि मागच्या सीटवरची मोठी बॅग काढून त्याने टपावर बांधली.

बावीस वर्षं हाशम दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लावत होता. हर्णैहून बायकोचं, शरफुन्निसाचं पत्र आलं होतं, आता पुरे झालं म्हणून. कफीलने, इथल्या मालकाने, सकाळीच पासपोर्ट आणि प्रवासाची चिठ्ठी दिली होती. अडलं होतं ते फक्त गाडीवाचून. जीव इतका शिणला होता की ती रिकामी सीट पाहूनच त्याला झोप यायला लागली.

हेड गार झालं. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत त्याने ग्रीस भरलं, धातूचा कीस आत पडू नये म्हणून. बॅटरीच्या उजेडात भोकात डोकावला आणि तसाच वाकून राहिला. आटे आवळल्याने गेलेच नव्हते. प्लग मुळातच वाकडा शिरला होता.

तो बसवला होता हाशमनेच, गेल्या आठवड्यात. हल्ल्याचा भोंगा वाजला, त्याने गॅसचा मास्क चढवला, काचेवर वाफ धरली. आणि बोटांनी अंदाज घ्यायचा सोडून त्याने सरळ पाना लावला होता. नवशिक्याही करणार नाही अशी चूक.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा टॅप फिरवत त्याने नवे आटे पाडले, कीस पुसून काढला, पोलादी बुश बसवलं. प्लग या वेळी बोटांनीच आत गेला. मूग गिळून बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण अनुराधाची धुसफूस अजून चालूच होती, आणि ते त्याला ऐकवेना.

“वहिनी, साहेबांना बोलू नका. त्यांच्या हातून काय झालं नाय. मीच वाकडा बसवला होता.”

उदयने मागच्या सीटवरच्या नूपुरकडे पाहिलं.

“पोरगी आहे हो गाडीत, हाशमभाई,” तो एवढंच म्हणाला.

हाशम हात धुऊन, आपली पिशवी घेऊन बाहेर आला, तेव्हा टपावरची बॅग पुन्हा मागच्या सीटवर आली होती. उदय स्टिअरिंगवर बसून आरसा पुसत होता. पुसलेलाच आरसा तो परत परत पुसत होता.

हाशमने पिशवी दाराआड ठेवली. आत जाऊन प्लगचा पाना आणला आणि खिडकीतून उदयच्या हातात दिला.

“वाटेत ढिला वाटला तर इंजिन गार होऊ द्या. आधी बोटांनी फिरवा, मग पाना.” त्याने बॉनेटवर थाप मारली. “यल्ला, निघा.”

गाडी वळणाआड गेली तरी तो कान देऊन उभा होता. चारही सिलिंडर एका ठेक्यात चालत होते.