ज्योत्स्नाची एकुलती किडनी

मी किडनी बोलतेय. ज्योत्स्नाची, उजव्या बाजूची. डावीकडे कोण राहतं असं विचारू नका. ती जागा जन्मापासून रिकामी आहे. खाली गर्भाशय आहे, तेही अर्धंच. आमची घडण एकदमच होते, त्यामुळे एकीचं बिनसलं की दुसऱ्याचंही बिनसतं.

ज्योत्स्ना अंबडला शाळेत असताना पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी झाली, तेव्हाच हे कळलं. पुढे दिवस राहिले तर पहिल्यांदा हे सांगा, असं डॉक्टरांनी तिच्या आईला, नंदाबाईंना, बजावलं. नंदाबाई हुशार. तेवढं सोडून बाकी सगळं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मुलीत खोट निघायला नको ना! धावड्याचे गोरक्षनाथ बघायला आले. त्यांच्या घरच्यांनी उंची पाहिली, रंग पाहिला, भाकरी येते का तेही विचारलं. मला कोण विचारतं?

लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात मूल गेलं. कारण शोधायला अख्खी गल्ली राबली. पपई सापडली, मोटारसायकल सापडली, ग्रहणात चिरलेलं वांगंसुद्धा सापडलं. अर्ध्या गर्भाशयात वाढतं मूल मावत नव्हतं, पण आमच्यावर कुणाचा संशय गेला नाही. ज्योत्स्ना मुकाट रडायची, पण आईनं घातलेली शपथ मोडायची नाही. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला. दोन जिवांची घाण उपसता उपसता मी मेटाकुटीला आले. ज्योत्स्नाचे पाय सुजले, तोंड सुजलं. सासूबाई, सुगंधाबाई, खूश. सून अंगानं भरली म्हणे! वर डोहाळे पुरवायला लोणचं आणि पापड. ते मीठ निस्तरायला मी होतेच.

डोहाळजेवणाला कासारीण हिरव्या बांगड्या घेऊन आली. बांगडी हातावर चढेना. मोठं माप काढलं, तेही अंगठ्याशी अडलं. बायका कौतुकानं हसल्या, एकीनं हाताला तेल चोळायला घेतलं. ज्योत्स्नाचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिनं हात ओढून घेतला आणि सासूकडे पाहिलं.

"आत्या, मला जल्दी दवाखान्यात न्या. मला एकच किडनी हाय. आईनं सांगू दिलं न्हाई."

नंदाबाईंनी तोंडाला पदर लावला.  सुगंधाबाई बांगड्यांचा पसारा ओलांडून बाहेर गेल्या आणि लेकाला गाडी काढायला लावली.

जालन्याला पोचेपर्यंत बीपी भलतंच चढलं होतं. बाळ पायाळू होतं, पोट चिरूनच काढावं लागलं. मुलगी झाली, एवढीशी, पण रडली. मी थोडे दिवस संप करून पाहिला आणि परत कामाला लागले. माझ्या जागी बदली कोण येणार?

मग बाळाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिलाही एकच आहे. काही घराण्यांत असं येतं, घाबरू नका, फक्त लपवू नका. काचेच्या पेटीत नाकात नळी घातलेली पोर, अजून नावसुद्धा ठेवलेलं नाही, आणि नंदाबाई कुजबुजल्या, "बाहेर कळू देऊ नका. उद्या लग्न करायचंय पोरीचं."

शाबास!

सुगंधाबाई वळल्या. "मी तर गावभर सांगणार, विहीणबाई. लपवून दोन लेकरं गेली. ही न्हाई घालवायची."

पेटीतल्या पोरीच्या चिमुकल्या किडनीबाई, ऐकलंस ना? आपल्याला काम दुप्पट आहे, त्याची तक्रार नाही. वेळेवर पाणी मिळावं आणि डॉक्टरांपुढे आपलं नाव निघावं, एवढंच मागणं. तुझं नाव जन्मताच निघालं. माझं निघायला दोन लेकरं जावी लागली.