अकरा गुंठ्यांची साफसफाई

आधीच सांगतो, मी वाईट हेतूनं काही केलं नाही. हे वाक्य त्या गुरुवारनंतर मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी गोठ्यातली गायसुद्धा तोंड फिरवून बसली. तुम्ही तरी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

माझं नाव वाल्मीक. देवळाली कॅम्पच्या पुढे, दारणेला जाऊन मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठी आमची साडेतीन एकर जमीन आहे. कोथिंबीर, मेथी, झेंडू असा माल काढतो आणि नाशिकच्या मार्केटला नेतो. असल्या माणसाच्या हाताला तण दिसलं की खाज सुटते. लग्नाच्या मांडवात पाटावर बसल्या बसल्या मी समोरची हरळी उपटली होती, असं माझी बायको मंजुषा सगळ्यांना सांगते. ते खरं आहे.

तर दोन वर्षांपूर्वी मंजुषानं एक योजना शोधून आणली. इंदिरानगरात एक संस्था आहे, ती ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना पैसे देते. त्यासाठी काठापासून तीस फुटांचा पट्टा सोडून द्यायचा. तिथं करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज अशी इथलीच झाडं लावायची, रोपं त्यांची, आणि बाकी जे उगवेल ते उगवू द्यायचं. नांगर नाही, फवारणी नाही. म्हणजे पूर्वी काठाला असायचे ते पक्षी, बेडूक, घोरपडी परत येतील म्हणे. गुंठ्यामागे ठरलेली रक्कम, दरवर्षी, पाच वर्षं. आमचे अकरा गुंठे त्यात बसले.

मी म्हटलं, "म्हंजे काहीच न करायचे पैसे?"

"तुम्हाला नेमकं तेच जमायचं नाय," ती म्हणाली.

जमीन माझ्या नावावर, त्यामुळे सही माझी लागणार होती. अकरा गुंठ्यांत कोथिंबीर किती निघते हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्यामुळे माझा हात काही वळेना. पण मंजुषा एरवी स्वतःसाठी काही मागत नाही. ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा या ओहोळात खेकडे होते, समोरच्या उंबरावर खंड्या बसायचा. आपण बांध कोरत कोरत पार पाण्यापर्यंत गेलो आणि एकेक करून सगळं गेलं. "मला येकदा परत बघायचंय ते." मी कागद न वाचताच सही ठोकली, आणि मग दोन वर्षं टोमणे मारून त्याची भरपाई केली. त्या पट्ट्याला मी 'पाणकोंबड्यांची पेन्शन' म्हणायचो. वाडीत तेच नाव रूढ झालं.

यंदा आषाढात पाहणी होती. संस्थेच्या तेजस्विनी मॅडम येऊन पट्टा बघणार. नीट राखलेला असला तर पुढची तीन वर्षं पक्की, नाहीतर करार संपला आणि पट्टा पुन्हा माझ्या कोथिंबिरीला. मंजुषाला महिनाभर तीच धास्ती. त्यात नेमकं पेठला तिच्या भाचीच्या मुलाचं बारसं निघालं. पाहणी गुरुवारी दहाला होती. त्याआधी येते, असं सांगून ती मंगळवारी सकाळी गेली.

आता माझी बाजू ऐका. टोमणे मारून मारून माझी मलाच कुठंतरी लाज वाटायला लागली होती. म्हटलं, बायकोची परीक्षा आहे, आपणही हातभार लावावा. आणि घरी पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? अंगण झाडतो. पट्ट्यात तर कमरेएवढं गवत, वेली, वाळक्या फांद्या, पालापाचोळा. असं घर कुणी पाहुण्याला दाखवतं का? नांगर नको, फवारणी नको, एवढं मला ठाऊक होतं. उगवू द्यायचं म्हणजे गवत कधीच कापायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदात होतं म्हणे.

मंगळवारी उघडीप होती. मी विळा घेऊन जो बसलो तो बुधवारी दुपारी उठलो. गवत कापलं, वेली ओढल्या, पाला गोळा करून बांधावर ढीग लावला. करंजाच्या खोडांना खाली गेरू, वर चुना असे पट्टे मारले. दोन जांभळांच्या मध्ये झेंडूचं तोरण बांधलं आणि खाली दोन खुर्च्या टाकल्या. लागून असलेल्या शेतातून माझी चुलती भागुबाई हे सगळं बघत होती.

"आरं, काय चाललंय तुजं?"

"पाहुण्यांची तयारी, काकू."

ती पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

फक्त शेवटचा कोपरा राहिला, पाण्यालगतचा, जिथं वाळा आणि लव्हाळं दाट माजलं होतं. तिथं विळा घातला आणि हातभर अंतरावर एक पाणकोंबडी बसलेली दिसली. पांढरं तोंड, पांढरा गळा, काळी पाठ. कॅम्पच्या बाजूला लष्कराच्या तोफांचा सराव चालला होता, त्याचं तिला काही नव्हतं. ती माझ्या विळ्याकडे बघत होती. मग झटकन उठून लव्हाळ्यात शिरली, आणि खाली सहा अंडी, मातकट रंगाची, तांबूस ठिपक्यांची. मी तसाच मागं सरकलो. भागुबाईच्या शेळ्यांचा भरवसा नाही, म्हणून चार कामट्या रोवून त्या कोपऱ्याला शेडनेटचा तुकडा बांधला. संध्याकाळी जाऊन लांबून बघितलं, ती परत बसली होती. गुरुवारी पहाटेही बघून आलो. कुणाला सांगितलं मात्र नाही. दोन वर्षं पेन्शन पेन्शन म्हणून चिडवणारा माणूस कुठल्या तोंडानं सांगणार?

गुरुवारी साडेनऊला मंजुषा आली. पिशवी खांद्यालाच होती, तशीच काठाकडे गेली. मी मागून, शाबासकीच्या तयारीनं. ती बांधावर थांबली. एक टोक बघितलं, दुसरं टोक बघितलं, तोरण बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आनंदाचं नव्हतं, एवढं मलाही कळलं.

भागुबाई आलीच होती. मंजुषा तिला म्हणाली, "काकू, ह्यांना इचारा, असं का केलं?"

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. म्हटलं, "अगं, पाहुणे येणार म्हणून..."

"काकू, ह्यांना सांगा, मला ऐकायचं नाय."

"इचारायचं काय त्यात," भागुबाई म्हणाली. "त्याला कोथमिरीला जागा पायजे व्हती. दोन वर्सं वाट बघितली न् तू गेल्याबरुबर साधली."

आणि बाहेरून बघितलं तर ते अगदी तसंच दिसत होतं. पट्टा मला हवा होता, बायको घरात नव्हती, पाहणीच्या आदल्या दिवशी मी सगळं भुईसपाट केलं होतं. मी न्यायाधीश असतो तर मीही मला सोडलं नसतं. अंड्यांचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगितलं असतं तर पकडल्यावर रचलेली गोष्ट वाटली असती. कोथिंबीर गेली खड्ड्यात, मंजुषानं मला असला माणूस समजावं हे मला सहन होत नव्हतं.

मॅडम स्कूटीवरून आल्या. तोरण बघून आधी त्यांना हसू फुटलं, मग पट्टा बघून मावळलं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सबंध काठ चालत गेल्या, फोटो काढत, वहीत लिहीत.

"काका, छान दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण आता इथे लपायला जागाच नाही. आपल्याला जो कचरा वाटतो ते त्यांचं घर असतं. तुम्ही अंगणाबरोबर घरही झाडून टाकलंत."

मंजुषा म्हणाली, "मॅडम, जे दिसतं ते लिहा. आमचा काही आक्षेप नाय."

मॅडम पुढे गेल्या आणि कोपऱ्यात थबकल्या. "हे जाळं कशाला बांधलंय?"

मी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. मॅडम वाकल्या. मंजुषाही त्यांच्या खांद्यावरून वाकली. लव्हाळ्याच्या फटीतून ते पांढरं तोंड बाहेरच बघत होतं. मग दोघी पावलं न वाजवता मागं आल्या.

"हे कोणी केलं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"म्या."

"कधी?"

"काल दुपारी. कापता कापता दिसली. सहा अंडी हायेत. बसलेलीला उठवायचं कसं? तिथंच थांबलो."

मंजुषा माझ्याकडे बघत होती.

मॅडमनी कागद काढला. "खरं तेच लिहिते. नियमानं पट्टा नापास आहे, यंदाची रक्कम मिळणार नाही. पण घरटं आहे, म्हणजे दोन वर्षं राखलेलं वाया गेलेलं नाही. पावसाचे दिवस आहेत, गवत परत येईल. मी दिवाळीनंतर पुन्हा पाहणी ठेवू शकते. तोवर बिनपैशाचं राखावं लागेल. नाहीतर करार इथे सोडता येतो, काका, तुम्ही मोकळे. जमीन तुमची आहे, सही तुमची लागेल. कुठे करायची ते तुम्ही सांगा."

कागदावर दोन रकाने होते, एक पट्टा राखायचा, एक सोडायचा. आषाढात कोथिंबिरीला काय भाव असतो हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. पट्टा साफ होता, नुसता पाणी सोडून बी फेकायचा अवकाश. भागुबाईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या कोथिंबिरीच्या जुड्याच मोजते आहे. मंजुषा मात्र ओहोळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिनं एका शब्दानं काही मागितलं नाही.

"पिल्लं निघायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"वीसेक दिवस. आणि निघाली की लगेच चालतात. त्यांना लपायला गवत लागेल."

"मग वीस दिवसांत गवत यायला पायजे," मी म्हटलं, आणि राखायच्या रकान्यात सही केली. या वेळी आधी चष्मा लावून सबंध कागद वाचला. गवताचं कलम चौथं होतं. बांधावरचा पाला परत पसरायचा का, ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, आजच पसरा.

त्या गेल्यावर भागुबाई "मला तर आधीच वाटलं व्हतं" असं काहीतरी पुटपुटत घरी गेली. मी पाल्याचा ढीग फोडायला घेतला. थोड्या वेळानं मंजुषा पिशवी ठेवून आली आणि दुसऱ्या बाजूनं पाला उचलू लागली. आम्ही निम्मा पट्टा झाकला.

"मला खरंच पाहुण्यांसाठी..." मी सुरू केलं.

"कळलं मला," ती म्हणाली. मग हातातला पाला टाकून सरळ माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पहाटेबी बघायला गेले होते ना? तिकडं चिखलात तुमच्या चपलेचे ताजे ठसे हायेत. उद्या एकटे जाऊ नका."

"चल की. पण तिथं बोलायचं नाय, ती उठंल."

"सकाळपासून तुमच्याशी बोलले नव्हते," मंजुषा म्हणाली, "अजून थोडं जमंल मला."