जिवंत आहे, पण शिळा आहे

मित्रांनो, मी सात समुद्रांचा सम्राट आहे. निदान माझ्या काचेवरच्या पाटीवर तसं छापलंय. पाटी जवळच्या कॅम्प दोन नावाच्या वस्तीत अर्ध्या तासात तयार झाली आणि तिच्यावरचं चित्र बांगड्याचं आहे.

मी एक जुना हेकरू मासा आहे. रत्नागिरीकडच्या खडकांत वाढलो, जाळ्यात सापडलो आणि बर्फाऐवजी पाण्याच्या पिंपात पडलो, म्हणून वाचलो. गेली सहा वर्षं अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या मोठ्या मत्स्यालयात नोकरीला आहे. इथला समुद्र पोत्यांतून येतो. नळाच्या पाण्यात मीठ कालवायचं काम महेंद्रचं. आधी तो पाणी दोन दिवस उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडू देतो. त्याच्यावर माझा विश्वास आहे असं नाही, पण संशय सगळ्यांत कमी.

लोकांचाही माझ्यावर संशयच. मी तासन् तास हलत नाही, म्हणून मला प्लास्टिकचा समजतात. एकदा अब्रूखातर शेपूट हलवलं, तर एक शेठ बायकोला म्हणाले, "देखा? बॅटरी डाला है."

माझा खरा संशय मात्र गयाबाईंवर. या कॅम्प पाचच्या, इथे झाडू मारतात. रोज सकाळी झाडू टेकवून माझ्याकडे बघायच्या. आधी डोळा, मग कल्ला, मग पोट. बाजारात टोपलीपुढे उकिडवं बसून बघतात तसं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हा किती किलो भरेल?" तेव्हापासून त्या आल्या की मी खडकामागे सरकायचो.

गेल्या मे महिन्यात महेंद्र बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला. जोडून सुट्ट्या आलेल्या, गर्दी होणार, आणि माझ्या टाकीतलं पाणी खाली गेलेलं. आमचे व्यवस्थापक विष्णुपंत कारखान्यातून निवृत्त झालेले, पिढ्यान् पिढ्यांचे शाकाहारी. त्यांनी टँकर मागवला, मीठ टाकलं आणि पाणी थेट आमच्या अंगावर सोडलं.

कल्ले झोंबायला लागले. दुसऱ्या दिवशी खडकामागे जायचंही त्राण राहिलं नाही. लोक खूश. म्हणाले, आज अगदी जवळ आलाय.

तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी डोळा पाहिला, कल्ला पाहिला. मी मनात म्हटलं, आलो ताटात.

"साहेब, हा मासा शिळा झालाय."

विष्णुपंत म्हणाले, "अहो गयाबाई, तो जिवंत आहे."

"जिवंत आहे, पण शिळा आहे. कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही."

विष्णुपंत हसत निघून गेले. गयाबाईंनी पदराला हात पुसून स्पीकरवर महेंद्रला फोन लावला. पलीकडे मांडवातला गोंगाट.

"महेंद्र, तुझा हेकरू शिळा झालाय बघ. कल्ले पांढरे पडलेत."

"कधीचा वाटतो, मावशी?"

"परवा दुपारचा."

"परवा दुपारी टाकीत काय केलं?"

"साहेबांनी टँकर ओतला."

गोंगाट थांबला. बहुधा तो मांडवाबाहेर आला असावा. "साहेबांना फोन दे," एवढंच म्हणाला.

विष्णुपंतांचा चेहरा माझ्या कल्ल्यांसारखा झाला. पंधरा मिनिटांत क्लोरीन मारायची पूड टाकीत पडली. संध्याकाळी महेंद्र लग्नाच्या नव्या कपड्यांतच आला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसला.

मी वाचलो. माझ्याच टाकीतला चपटा पाकट मासा वाचला नाही. त्याचे कल्ले पोटाखाली असतात. ते कुणाला दिसले नाहीत.

आता गयाबाई आल्या की मी स्वतःहून काचेपाशी येतो आणि कल्ले फाकवून दाखवतो. संशय पुरता गेलेला नाही. परवा त्या म्हणाल्या, "आता कसा ताजा दिसतोय." हे कौतुक की बेत, अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, पाणी जपा, समुद्र जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझं मागणं लहान आहे. सकाळी दहाच्या सुमाराला काचेसमोर सेल्फी काढत असाल, तर दोन मिनिटं जरा बाजूला व्हा. बाईंची उंची कमी आहे.